तास कोणाचे, वही कोणाची?
वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतलं पाहुण्यांचं घर आणि टॅक्सचा हिशोब

अमेरिकेतलं कर-वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आणि रिटर्नची मुदत १५ एप्रिल. त्यामुळे फेब्रुवारी उजाडला की तिकडे राहणाऱ्या मुलामुलींच्या रिटर्नबद्दलची पत्रं वाढतात. यंदा बरीच पत्रं एकाच विषयावर आहेत : दोन-चार रात्रींसाठी पाहुण्यांना दिलेलं घर आणि त्यावर घालवलेले तास. नागपुरातल्या आईवडिलांचाही यात हात असतो, म्हणून उत्तरं जरा सविस्तर देत आहोत.

प्रश्न : माझा मुलगा ॲरिझोनात फिनिक्सजवळ राहतो. त्याने दुसरं घर घेऊन एअरबीएनबीवर (पाहुण्यांना रात्रीच्या हिशोबाने घर देण्याच्या ॲपवर) टाकलं आहे. तिकडे रात्र असते तेव्हा इकडे सकाळ, म्हणून सात ते बारा पाहुण्यांचे मेसेज मीच पाहतो. सौ. अधूनमधून मदत करते. आता त्याच्या टॅक्सवाल्याने वर्षभरात घरावर किती तास काम झालं ते लिहून मागितलं आहे. माझे रोजचे पाच तास मुलाच्या नावावर धरता येतील का? (निवृत्त वाचक, प्रतापनगर)

उत्तर : नाही. उलट तुमचे तास त्याला आडवे येऊ शकतात. कसे, ते समजायला हे तास मागतात कशाला इथून सुरुवात करावी लागेल.

अमेरिकेच्या कायद्यात घरभाड्याचा तोटा सहसा 'निष्क्रिय' धरतात. तो पगारातून वजा होत नाही, पुढच्या वर्षांसाठी बाजूला पडून राहतो. पण पाहुण्यांचा सरासरी मुक्काम ७ दिवस किंवा त्याहून कमी असेल, तर या नियमापुरतं ते भाडं राहत नाही, धंदा ठरतो. त्या धंद्यात मालकाने स्वतः भरीव काम केलेलं असेल तर तोटा पगारातून वजा करता येतो. रक्कम मोठी असते, कारण १९ जानेवारी २०२५ नंतर घेतलेल्या मालमत्तेतल्या फर्निचर, फ्रिज, कार्पेट अशा कमी आयुष्याच्या वस्तूंचा पूर्ण घसारा, म्हणजे वस्तू झिजते म्हणून मिळणारी वजावट, पहिल्याच वर्षी घेता येतो. म्हणून टॅक्सवाला आधी तास विचारतो.

'भरीव काम' ठरवायच्या सात कसोट्या आहेत. घरमालकाच्या उपयोगाच्या मुख्यतः तीन. पहिली, वर्षात ५०० तासांहून जास्त काम. दुसरी, घराचं जवळजवळ सगळं काम त्यानेच केलेलं असणं. क्लीनर लावला की ही बहुतेक वेळा हातची जाते. तिसरी, १०० तासांहून जास्त काम आणि ते दुसऱ्या कोणत्याही एका माणसाच्या कामापेक्षा कमी नसणं. नोकरी सांभाळून घर चालवणारे बहुतेक जण या तिसऱ्या कसोटीवरच उभे असतात, आणि तुमची सकाळ नेमकी इथे नडते.

नवराबायकोचे तास एकत्र धरतात, घर एकाच्याच नावावर असलं तरी. आईवडील, भाऊ, बहीण, मित्र यांचे तास मात्र ज्याचे त्याचे. आता समजा मुलाचे १४० तास आणि सुनेचे ४५, मिळून १८५. क्लीनरने ५८ वेळा घर आवरलं, दर वेळी ३ तास, म्हणजे १७४. इथवर मुलगा पास. पण तुम्ही वर्षभरात २०० तास केले असतील तर १८५ हा आकडा २०० पेक्षा कमी, आणि तिसरी कसोटी गेली. क्लीनरमुळे गेली नाही, तुमच्यामुळे गेली. सौ.चे ६० तास तुमच्या तासांत मिळवायचे नाहीत. तुलना एकेका माणसाशी होते, सगळ्यांच्या बेरजेशी नाही.

'रोजचे पाच तास' हा आकडाही खरा नाही. फोन जवळ ठेवून चहा-पेपर करत बसणं म्हणजे काम नव्हे. अमेरिकेच्या टॅक्स कोर्टासमोर २०१० मध्ये अशी एक केस आली होती. नियम याच्या शेजारचा होता, ७५० तास दाखवायचे होते आणि मालकाच्या वहीत ६४५.५ भरले होते. 'उरलेला वेळ मी बोलावलं तर हजर होतो' हे कोर्टाने मानलं नाही. तुम्हालाही तेच माप लावायचं. मेसेजची साखळी उघडा आणि वाचणं, उत्तर देणं, क्लीनरला फोन करणं एवढंच मोजा. वर्षाचे २०० वाटणारे तास मोजल्यावर ९० निघणं अगदी शक्य आहे, आणि मग मुलाची अडचण आपोआप मिटते. २०० च निघाले तर २०० लिहा. ते ९० करायचे नाहीत.

मुलाच्या लॉगिनमधून उत्तर दिलं म्हणून ते काम त्याचं होत नाही, हेही ध्यानात ठेवा. सुनेच्या मोबाईलवर आणि तुमच्या टॅबवर एकच खातं चालू असलं की कोणी काय लिहिलं ते वर्षाअखेरीला कोणालाच सांगता येत नाही. आजच मुलाला सांगून स्वतःचं नाव को-होस्ट (सह-यजमान) म्हणून वेगळ्या लॉगिनने घालून घ्या, नोंदी आपोआप वेगळ्या राहतील. पुढच्या वर्षासाठी कामही थोडं वळवा. वायफायचा पासवर्ड, दाराचा कोड, चेक-आउटची वेळ ही ठरलेली उत्तरं मुलाने एकदाच लिहून ॲपमध्ये ठरल्या वेळी आपोआप जातील अशी लावावी. तुमच्याकडे रात्रीची खरी अडचण तेवढी ठेवावी : दार उघडत नाही, पाणी येत नाही.

या कामाचे मुलगा तुम्हाला पैसे देत असेल तर आणखी एक गोष्ट. मुलाने बापाला दिलेली भेट आपल्याकडे करमुक्त आहे. पण तिकडे त्याने ती रक्कम घराचा खर्च म्हणून दाखवली, तर ती भेट राहिली नाही, तुमची कमाई झाली. ती इथल्या रिटर्नमध्ये यायलाच हवी.

प्रश्न : मुलीने वर्षभर काहीच लिहून ठेवलं नाही. आता मागच्या तारखांची वही तयार करणं चालतं का? की ते खोटं ठरेल? (वाचक, धरमपेठ)

उत्तर : मागे वळून वही तयार करणं खोटं नाही, आकडे कल्पनेतून भरणं खोटं आहे. रोजच्या रोज नोंद हवीच असं नियम म्हणत नाही. इतर वाजवी मार्गाने काम दाखवता येत असेल तर डायरी, कॅलेंडर, भेटींच्या नोंदी यांवरून केलेला गोषवाराही चालतो. पण त्या सवलतीचा अर्थ कोर्ट फार ताणू देत नाही. अंदाजपंचे बेरीज तिथे टिकत नाही.

मुलीने एका रविवारी बसून हे करावं. आधी बुकिंगची यादी डाउनलोड करायची : येण्याची तारीख, जाण्याची तारीख, किती रात्री. तोच वहीचा सांगाडा. मग प्रत्येक बुकिंगसमोर मेसेजची साखळी उघडून पहिल्या आणि शेवटच्या उत्तराची वेळ पाहायची. त्यानंतर बँकेचं आणि कार्डाचं स्टेटमेंट : हार्डवेअरचं दुकान, चादरी-टॉवेल, साबण, बल्ब. दुकानाच्या पावतीवर वेळ छापलेली असते, तिला सोन्याची किंमत आहे. पुढे स्मार्ट कुलपाची नोंद, कारण मालकाचा कोड किती वाजता वापरला ते त्यात दिसतं. मोबाईलमधले फोटो, कॉलची यादी, प्लंबरची ईमेल, मोबाईलचा लोकेशन इतिहास. काही कुलपांच्या ॲपमध्ये जुन्या नोंदी काही महिन्यांनी निघून जातात, म्हणून सुरुवात तिथून करावी.

वहीत रकाने एवढे पुरतात : तारीख, सुरुवात, शेवट, मिनिटं, कोणी, नेमकं काय, पुरावा कुठे. ओळ कशी असावी ते पाहा.

"मार्च, घराची देखभाल, ८ तास." ही ओळ निकामी आहे.

"१५ मार्च २०२५, शनिवार, ९:१० ते ११:३५, १४५ मिनिटं, मी. किचनच्या सिंकखालचा गळका पाइप उघडला, वॉशर बदलला, पाणी सोडून अर्धा तास पाहिलं, खालचं भिजलेलं फळकूट पुसून वाळवलं. पावती सकाळी ८:४७ ची, फोटो दोन." या ओळीवर कोणी शंका घेतली तरी ती उभी राहते. पावतीची वेळ कामाच्या आधीची आहे, अंतर पटण्यासारखं आहे, आणि १४५ हा आकडा घड्याळातून आलेला दिसतो.

तपासणीत वह्या कुठे पडतात तेही सांगून ठेवतो. सगळ्या नोंदी २ तास, ३ तास अशा गोल. एकच वाक्य ४० वेळा चिकटवलेलं. एका मेसेजला उत्तर द्यायला ४५ मिनिटं. नोकरीच्या दिवशी दुपारी दोन वाजता घरावर काम, आणि त्याच वेळी ऑफिसच्या कार्डाने दुसऱ्या गावात जेवणाचं बिल. नवराबायको दोघांच्या नावावर एकाच कामाचे तीन-तीन तास. दोघं मिळून पलंग जोडत असतील तर खुशाल लिहा, पण एक ड्रिल धरतो आणि दुसरा व्हिडिओ कॉलवर आहे, तर दुसऱ्याचे तास नाहीत. आणि बेरीज बरोबर ५०१ तास! अशी बेरीज दिसली की तपासणारा प्रत्येक ओळ उकरतो. शंभर तासांची गरज असताना १०४ भरत असतील तर त्यातले चार-पाच तास कधीही गळू शकतात असं धरून चाला. १३० च्या वर असलेलं बरं.

क्लीनरचे तासही याच वहीच्या दुसऱ्या पानावर हवेत. तुलना त्याच्याशी आहे, आणि 'तो माझ्यापेक्षा कमीच येतो' हे दाखवायची जबाबदारी मुलीची आहे. क्लीनरला प्रत्येक बिलावर आल्या-गेल्याची वेळ आणि कामाला आलेल्या माणसाचं नाव लिहायला सांगावं. कंपनीमार्फत दोन वेगळ्या बायका आलटून पालटून येत असतील तर दोघींचे तास वेगळे मोजतात. १५० तासांचं काम ७५-७५ असं विभागलेलं असेल तर मुलीला १०० च्या वर गेलं की पुरतं. एकीनेच केलं असेल तर किमान १५० लागतात. नुसतं 'क्लीनिंग १२० डॉलर' असं बिल असेल तर हा फायदा हातातून जातो.

प्रश्न : कोणतं काम मोजायचं, कोणतं नाही? घर शोधण्यात जावयाचे दोन महिने गेले, कोर्सही केला. (वाचक, मनीषनगर)

उत्तर : ते दोन महिने आणि तो कोर्स दोन्ही सोडून द्या. घर विकत घेण्याआधीची शोधाशोध, कर्जाची धावपळ, इतरांच्या जाहिराती पाहणं, सेमिनार, हे गुंतवणूकदाराचं काम आहे. महिन्याचे हिशोब वाचत बसणंही त्यातच. रोजचा कारभार जावई स्वतः पाहत असेल तर हिशोबाच्या कामाला काही जागा मिळते, पण ते वहीत वेगळं दाखवावं, बाकीच्या कामात मिसळू नये.

पाहुण्यांशी बोलणं, दर बदलणं, जाहिरातीचा मजकूर आणि फोटो, सामान आणणं, आवरणं, दुरुस्ती करणं, दुरुस्तीवाल्याबरोबर उभं राहणं, आलेल्या तक्रारी निस्तरणं, हे सगळं मोजा. जाण्यायेण्याचा वेळ वेगळ्या रकान्यात ठेवा. तो धरूनच शंभर गाठत असाल तर पाया कच्चा आहे. आणि केवळ तास वाढावे म्हणून मालक सहसा करत नाही असं काम अंगावर घेतलं, तर ते वगळायची तरतूद नियमातच आहे.

घर नोव्हेंबरमध्ये सुरू झालं म्हणून १०० चे १७ होत नाहीत, हेही बऱ्याच जणांना उशिरा कळतं. वर्ष अर्धवट असलं तरी तास पूर्णच लागतात.

प्रश्न : आम्ही दोघं दर उन्हाळ्यात मुलाकडे जातो. इकडे कूलरसमोर बसवत नाही, तिकडे त्याचं डोंगरातलं पाहुण्यांचं घर रिकामं असतं, तिथे तीन-चार आठवडे राहतो. भाडं अर्थातच घेत नाही. बदल्यात आम्ही रंगरंगोटी, बागकाम करतो. याचा टॅक्सशी काही संबंध आहे का? (वाचक, लक्ष्मीनगर)

उत्तर : आहे, आणि या अंकातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न म्हणावा लागेल, कारण यात तासांची वही कितीही चांगली असली तरी उपयोग होत नाही.

आईवडील, मुलं, भावंडं, जोडीदार यांनी पूर्ण भाडं न देता घर वापरलं तर ते दिवस मालकाच्या 'स्वतःच्या वापराचे' धरतात. असे दिवस १४ च्या वर, किंवा पूर्ण भाड्याने दिलेल्या दिवसांच्या १० टक्क्यांच्या वर, यांत जे मोठं असेल त्याच्या वर गेले की ते घर मालकाचं राहतं घर ठरतं. मग खर्च फक्त भाड्याच्या उत्पन्नापुरता वजा होतो, तोटा दाखवताच येत नाही, तो पुढे ढकलला जातो. समजा वर्षात १९० दिवस पाहुणे होते. दहा टक्के म्हणजे १९ दिवस. तुम्ही २४ दिवस राहिलात की रेघ ओलांडली. मुलाने ३०० तास घातले असले तरी त्या वर्षी तोटा पगारातून वजा होणार नाही.

मालक स्वतः दिवसभर दुरुस्तीचं काम करत असेल तर तो दिवस स्वतःच्या वापराचा धरत नाहीत, त्या दिवशी घरची मंडळी तिथे आराम करत असली तरी. म्हणजे मुलगा दिवसभर छताचं पत्र्याचं काम करतो आहे आणि तुम्ही अंगणात बसला आहात, तर चालतं. तुम्ही रंग लावता आहात आणि मुलगा ऑफिसात आहे, तर नाही.

रंगरंगोटीबद्दल दुसरी काळजी. व्हिजिटर व्हिसावर काम करायची परवानगी नसते. मुलाच्या राहत्या घरी पोळ्या लाटणं वेगळं आणि कमाईच्या घराचं काम करणं वेगळं. तुम्ही मायेने करता हे आम्ही जाणतो, पण ब्रश हातात घेऊ नका. राहायचं ते मुलाच्या स्वतःच्या घरी. डोंगरातल्या घराची ओढ असेल तर दिवस मोजून जा आणि तारखा लिहून ठेवा.

प्रश्न : भाचा एच-वन-बी व्हिसावर आहे. त्याने ५०० तासांचं उद्दिष्ट ठेवलं आहे. अडचण? (वाचक, महाल)

उत्तर : टॅक्समध्ये नाही, व्हिसात आहे. एच-वन-बीवर काम फक्त ज्या कंपनीने अर्ज केला तिच्यासाठी करता येतं. घरात पैसे गुंतवायला हरकत नाही. पण 'मी या धंद्यात ५०० तास राबलो' असं सरकारी खात्यापुढे मांडणं म्हणजे दुसरीकडे काम केल्याचा कागद आपल्याच हाताने तयार करणं. पत्नी एच-फोरवर (अशा नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असून तिच्याकडे कामाची परवानगी नसेल तर तिच्या तासांनाही हाच धोका. रिटर्न भरण्याआधी, खरं तर घर घेण्याआधी, इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलावं. टॅक्सवाला हे सांगेलच असं नाही, तो त्याचा विषय नव्हे.

प्रश्न : हिवाळ्यात एका जोडप्याने घर सलग दोन महिने घेतलं. त्यामुळे सात दिवसांचा नियम मोडला का? (वाचक, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : सरासरी काढा. पाहुण्यांचे एकूण दिवस भागिले मुक्कामांची संख्या. वर्षात ६० मुक्कामांत १९० दिवस असतील आणि त्यात ६० दिवसांचा एक मुक्काम आला, तर २५० भागिले ६१, म्हणजे ४.१. काही बिघडत नाही. पण घर नवं असेल, फक्त ८ मुक्काम आणि ३० दिवस झाले असतील, तर तोच एक मुक्काम मिळवून ९० भागिले ९, म्हणजे १०. सरासरी सातच्या वर गेली. १० म्हणजे ३० च्या आत असल्याने पाहुण्यांना भरपूर वैयक्तिक सेवा दिली असेल तर अजून एक वाट आहे, पण चादरी बदलणं आणि वायफाय देणं त्यात बसत नाही. मग ते साधं भाडं होतं. तोटा वाया जात नाही, पुढे ओढला जातो, आणि घर पुरतं विकलं की मोकळा होतो. फिनिक्सकडे थंडीत लांब मुक्कामाची मागणी असते, म्हणून ऑक्टोबरमध्येच सरासरी काढून मग बुकिंग घ्यावं.

प्रश्न : मुलगा दिवाळीला पंधरा दिवस नागपूरला आला होता. इथून त्याने केलेलं काम धरायचं का? (वाचक, सीताबर्डी)

उत्तर : धरायचं. काम कुठे बसून केलं याला महत्त्व नाही. घोळ होतो तो तारखेचा. नागपूर आणि फिनिक्स यांत वर्षभर साडेबारा तासांचं अंतर असतं, दोन्हीकडे घड्याळ पुढे-मागे करत नाहीत. भाऊबीजेला, २३ ऑक्टोबर २०२५ ला, त्याने इथे सकाळी ९:३० ला उत्तर पाठवलं, ते तिथल्या वेळेने २२ ऑक्टोबरच्या रात्री ९ चं आहे. वहीत एक तारीख आणि मेसेजवर दुसरी असं दिसलं की वहीवरचा विश्वास उडतो. सगळी वही फिनिक्सच्या वेळेने ठेवावी आणि त्या पंधरा दिवसांच्या ओळींपुढे 'नागपूरहून' एवढं लिहावं. तारखा विमानाच्या तिकिटाशीही जुळतात का ते एकदा पाहून घ्यावं. नागपूरच्या मुक्कामात 'प्रत्यक्ष जाऊन फिल्टर बदलला' अशी ओळ राहून गेली तर सगळी वही संशयात येते.

प्रश्न : आमचा वर्धा रोडला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. अधिवेशनात, मॅचच्या दिवसांत आणि ताडोबा-पेंचला जाणाऱ्यांना देतो. आम्हीही तास लिहायचे का? (वाचक, नरेंद्रनगर)

उत्तर : इथल्या आयकरात तासांनी एक रुपयाही वाचत नाही. भाडं 'घरापासूनचं उत्पन्न' की 'धंदा' असा वाद आपल्याकडे बरीच वर्षं चालला. २०२४ च्या दुसऱ्या वित्त कायद्याने तो निवासी घरापुरता मिटवला : कर निर्धारण वर्ष २०२५-२६ पासून मालकाने निवासी घर किंवा त्याचा भाग भाड्याने दिला तर ते घरापासूनचंच उत्पन्न. मग मनपाचा भरलेला मालमत्ता कर वजा, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजा, आणि कर्ज असेल तर त्याचं व्याज. मोलकरीण, वायफाय, चादरी धुणं, ॲपचं कमिशन हे सगळं त्या ३० टक्क्यांतच आलं, वेगळं मिळत नाही. नव्या करप्रणालीत या शीर्षातला तोटा पगारातून वजा होत नाही, जुन्या प्रणालीत २ लाखांपर्यंत होतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुन्या चिठ्ठीवरचा क्रमांक त्यापुढच्या वर्षांसाठी कामाचा नाही.

जेवण, गाडी, जंगल सफारीची व्यवस्था यांचे पैसे घेत असाल तर त्यांचं बिल भाड्यापासून वेगळं करा. ती सेवा आहे आणि तिच्यापुरता खर्च तिच्यातून वजा होतो. फ्लॅट तुमचा नसून भाड्याने घेऊन पुढे देत असाल तर हा ३० टक्क्यांचा नियम तुमच्यासाठी नाही, तिथे खर्चाच्या पावत्या जपायला हव्यात.

तासांऐवजी तुम्ही रात्रींची संख्या लिहा. प्रत्येक बुकिंगची एकूण रक्कम, कमिशन, हातात आलेली रक्कम. ॲपवाले आयकर खात्याला एकूण रक्कम कळवतात आणि तुम्ही बँकेत आलेली दाखवता, तिथेच नोटीस येते. १ ऑक्टोबर २०२४ पासून ॲपकडचा टीडीएस ०.१ टक्का आहे, आणि वर्षाला ५ लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीने पॅन दिलेला असेल तर कापत नाहीत. जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख. तिच्या आत असाल तर ॲपवरच्या बुकिंगचा जीएसटी ॲपच भरतं. बुकिंग फोनवरून घेतलं तरी उलाढालीत ते मोजलं जातं, ते विसरू नका.

प्रश्न : मी अमेरिकेहून कायमची नागपूरला परत आले. तिथलं घर एक बाई सांभाळते, रोजचं सगळं तीच बघते. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. मी तास कसे दाखवायचे? (वाचक, रामदासपेठ)

उत्तर : तिचे तास तुमच्यापेक्षा जास्त असणार, म्हणून तिसरी कसोटी धरू नका. ५०० तासांची उरते, आठवड्याला साधारण पावणेदहा तास. इथून ते खरोखर होत असतील तरच लिहा. नाहीतर तोटा पुढे ओढा, त्यात नुकसान एवढंच की वाट पाहावी लागते. खोटे तास भरून सापडलं तर कर, व्याज आणि वर सहसा २० टक्के दंड. इथे रहिवासी झालात की तेच उत्पन्न भारतातही दाखवायचं आहे, तिथल्या घसाऱ्याने नव्हे, आपल्या ३० टक्क्यांच्या नियमाने. घर आणि बँक खाती परकीय मालमत्तेच्या तक्त्यात, आणि तिथे भरलेल्या कराची वजावट मिळवायला वेगळा फॉर्म (जुन्या कायद्यात फॉर्म ६७). परत आल्यावर पहिली काही वर्षं रहिवासाचा दर्जा वेगळा असू शकतो, त्याची तारीख सीएकडून पक्की करून घ्या. तिथलं वर्ष डिसेंबरला संपतं, आपलं मार्चला, म्हणून बुकिंगची आणि खर्चाची बेरीज महिन्यागणिक ठेवा.

प्रश्न : ही वही किती वर्षं जपायची? (वाचक, प्रतापनगर)

उत्तर : रिटर्न भरल्यापासून किमान तीन वर्षं. पण तासांच्या जोरावर घसारा घेतलेला असेल तर घर विकेपर्यंत आणि त्यापुढे आणखी तीन वर्षं. मेसेज ॲपवर कायम राहतील असं समजू नका. दर महिन्याच्या शेवटी बुकिंगची यादी, मेसेज आणि कुलपाची नोंद डाउनलोड करून एका फोल्डरमध्ये टाका. पावतीचा फोटो त्याच दिवशी काढा, कारण पावतीचा थर्मल कागद कपाटात ठेवला तरी कालांतराने कोरा होतो.